कौंडण्यपूरचा डाग

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, विदर्भाचा एक मोठा नकाशा टांगलेला होता आणि गंमत म्हणजे तो कुणीच वाचत नसे. गरजच नव्हती! अमरावतीवर काळा डाग होता. अकोल्यावर त्याहून काळा. यवतमाळवर बोराएवढा, बुलढाण्यावर चिंचोक्याएवढा. किती वर्षांच्या किती मुलींनी तेलाच्या, शाईच्या, चिंच-मिठाच्या बोटांनी तीच तीच गावं दाखवली होती, कोण जाणे! बाईंनी "अमरावती" म्हणावं, मुलीनं टुणकन उठावं, डागावर बोट टेकवावं आणि "शाब्बास" घेऊन बसावं. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी शैला तर म्हणायची, "मी डोळे बांधून दाखवते." आणि एकदा मधल्या सुट्टीत रुमाल बांधून तिनं खरंच दाखवलंही.

ललिताला मात्र डागसुद्धा दिसत नसत.

पाच वर्षांची असताना तिला गोवर निघाला होता. अंगावरचा गेला, पण जाताजाता डोळ्यांत बसला. माणसं दिसत, झाडं दिसत, अंगावर धावून येणारी गाय दिसे. पण अक्षरं म्हणजे पांढऱ्या पंचावर सांडलेली मोहरी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तीन चष्मे लावून पाहिले आणि तिन्ही काढून ठेवले. "आहे त्यात भागवा," म्हणाले. मग ललिता कानांवर शिकली. एकदा ऐकलं की विषय संपला! पाढे, कविता, इतिहासातल्या लढाया, सगळं तोंडपाठ. परीक्षेत बाई प्रश्न मोठ्यानं सांगत आणि ती बोटबोटभर अक्षरांत उत्तरं लिहून मोकळी होई.

अडलं ते एका नकाशापाशी. भूगोलात नकाशाची तोंडी परीक्षा वेगळी असायची आणि तीत पास व्हावंच लागायचं. दोन गावं विचारत, त्यातलं निदान एक तरी दाखवायचं. गेल्या वर्षी ललिता नकाशाला नाक लावून पाच मिनिटं उभी राहिली, वर्ग खिदळला आणि तिला मिळाला भोपळा. त्या एका भोपळ्यापायी ती आठवीत पुन्हा बसली, आणि शाळाभर तिचं नाव पडलं 'नाकघाशी'.

आता हे दुसरं वर्ष. एकाच वर्गात दोनदा नापास झालं की शाळा नाव काढून टाके. परीक्षा एप्रिलात, आणि फेब्रुवारी उलटून गेला होता.

"नाव काढलं तं काय करशीन वं?" आई, म्हणजे सुंदराबाई, भाकर थापता थापता विचारी. ती जिनिंगमध्ये कामाला जायची. संध्याकाळी तिच्या केसांत कापसाचे पुंजके अडकलेले असत. "माह्यासंगं जिनात येशीन?"

"नाई येत," ललिता म्हणे. "मी मास्तरीण होईन."

"नकाशा दिसत नाई आन मास्तरीण होते!"

बाप शेषराव मधे बोलत नसे. तो रेल्वेच्या गँगमध्ये होता, दिवसभर रूळ आणि खडी. पण जेवून हात धुतला की लेकीला जवळ घेऊन स्टेशनं म्हणायला लावायचा. ललिता तीन वर्षांची होती तेव्हापासूनचा तो बाप-लेकीचा खेळ. "अकोला, बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, माना, कुरुम, टाकळी, बडनेरा..." पार पुलगावच्या पुलापर्यंत. एकही स्टेशन सुटलं की बाप शिट्टी वाजवी आणि गाडी पुन्हा अकोल्याहून सोडावी लागे.

तर अशात एका रविवारी विहारातून वंदना करून येताना ललिताच्या पायात बाभळीचा काटा मोडला.

काटा मोडला की त्यांच्या वस्तीत कुणी दवाखान्यात जात नसे, पुंजाजी आबाकडे जाई. पुंजाजी आबा म्हणजे मोजणी खात्यातला जुना साखळीवाला. तीस वर्षं त्यानं साहेबांच्या पुढं लोखंडी साखळी ओढत सारा वऱ्हाड मोजला होता. निवृत्त होताना एका साहेबानं त्याला पितळी मुठीचं हे एवढं थोरलं भिंग बक्षीस दिलं. आबाला अक्षर ओळखीचं नव्हतं, त्यामुळे त्या भिंगाखाली आजवर फक्त काटे निघाले होते. कडुनिंबाखाली बाज टाकून तो बसे, आणि पाय पुढं करून रांग लागे.

"धर हे," आबानं भिंग ललिताच्या हातात दिलं. "हालवू नोको. मी सुई तापवतो."

आबा चूल पाहायला आत गेला. ललितानं भिंग धरलं होतं, पण हलवू नको म्हटल्यावर न हलवणारी ती मुलगी नव्हे. बाजेवर आबाची तंबाखूची पुडी पडली होती, जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली. भिंग सहज त्यावरून गेलं, आणि ललिता ओरडलीच.

"आबा! आबा हो!"

"काय झालं वं? इंचू चावला का?"

"सरकी!"

"काय?"

"सरकी! अठी लिहिलं हाय! स, र, की!" ललिता एका पायावर उभी राहून नाचायला लागली, दुसऱ्यात काटा तसाच. "मोठा स! हाताएवढा! त्याच्या पोटातला जोडसुद्धा दिसून राहिला!"

आबानं पुडी उचलली, उलटी-सुलटी करून पाहिली, तंबाखू काढून चिमूट भरली आणि कागद तिला देऊन टाकला. "घे बाई. सरकी तुह्यी, तंबाखू माह्यी. आता पाय दे."

काटा काढताना तिला दुखलंच नाही. ती पुढचा शब्द लावत होती.

त्या दिवसापासून ललिता भिंगामागे लागली. आबानं भिंग देऊन टाकलं नाही; "काटेवाल्याइनं काय करावं मंग?" पण शाळेच्या वेळात ते तिच्या दप्तरात राहील असं ठरलं. वस्तीनं आपले काटे संध्याकाळी मोडून घ्यावेत, असा निकाल आबानं दिला.

पण भिंग हातात आलं म्हणजे वाचता आलं, असं मुळीच नाही! पहिले आठ दिवस ललिता रडकुंडीला आली. भिंगात एका वेळी दोन-तीन अक्षरं मावत. ती सरकली की आधीची गेली. ओळ संपली की दुसरी सापडेना. डोळा भलत्याच ओळीत जाऊन पडे आणि अकबर बादशहा मध्येच गव्हाच्या पिकाला खत घालू लागे. आणि शाळेच्या नकाशावर तर विचारू नका. भिंग टेकवलं की नुसता हिरवा रंग. कुठला हिरवा? मेळघाटातला की वणीचा? पत्ता नाही.

"लाहान दिसे तवा निदान सारं दिसे," ती आबाला म्हणाली. "आता मोठं दिसते, पन मीच कुठी हावो थे समजत नाई."

आबा हसला. त्याला अक्षर येत नसलं तरी नकाशा येत होता! तीस वर्षं साहेबाच्या खांद्यावरून त्यानं नकाशे पाहिले होते.

"साखळी कशी वढते माहीत हाय?" त्यानं विचारलं. "दोन मानसं लागतात. एक फुडं, एक मांगं. मांगचा खुंटीवर उभा रायते. फुडचा जाऊन दुसरी खुंटी ठोकत नाई तवर मांगचा हालत नाई. हालला का झालं, शेत गेलं दुसऱ्याच्या घरात! आता भिंग हाय तुह्या फुडचा मानूस. मांगचा कुठी हाय?"

ललितानं इकडं तिकडं पाहिलं.

"अवं, डावा हात कायले देला तुले? बोट ठेव खुंटीवर! भिंग फुडं जाऊ दे. सापडलं का मंग बोट तठी ने. आन सुरू करताना भिंग कागदावर चिपकवू नोको. दूर उभी राय, आधी शेताचा आकार पाह्य, मंग धुऱ्यानं, बांधाबांधानं चाल. एकदम मधात उडी मारनाऱ्या मानसानं आजवर कोनतंच शेत मोजलं नाई."

झालं! ललिताला किल्लीच मिळाली. पुस्तकात डावं बोट ओळीच्या सुरुवातीला ठेवायचं, भिंग ओळभर चालवायचं, आल्या वाटेनं परत बोटापाशी यायचं आणि बोट एक पायरी खाली. अकबर दिल्लीत राहिला, गहू शेतात राहिले. आणि नकाशावर? नकाशावर धुरा कुठला? तिला विचार करावा लागला नाही. नकाशावर काळ्या-पांढऱ्या तुकड्यांची एक जाड रेघ होती, दुरूनही धूसर दिसणारी. रेल्वे! बापाची रेल्वे!

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना ती नकाशासमोर उभी राही. डावं बोट अकोल्यावर, भिंग रुळावर. बोरगाव आलं. मूर्तिजापूर आलं. बडनेऱ्याला एक फाटा वर अमरावतीला गेला, तो तिनं सोडून दिला. जे स्टेशन पुढं यायला हवं तेच भिंगात येई, जणू ते तिची वाटच पाहत होतं. रुळावरून उतरून आजूबाजूच्या गावांत जाऊन यावं आणि पुन्हा रुळावर चढावं. आठवडाभरात ती सारा वऱ्हाड फिरून आली, तेही तिकीट न काढता.

आणि एक दिवस ती पुलगावच्या पुलावरून वर्धा नदीच्या काठाकाठानं वर निघाली, कौंडण्यपूर पाहायला. कौंडण्यपूर दर वर्षी विचारत. रुक्मिणीचं माहेर, तिथली यात्रा, सगळ्या मुलींना ठाऊक. त्यावर डागही चांगला शाईच्या थेंबाएवढा होता. ललिता डागापाशी पोचली, भिंग लावलं, थोडं मागं घेतलं, पुन्हा लावलं.

डागाखालून पुसट अक्षरं डोकावत होती. आ. र्वी.

आर्वी? आर्वी तर नदीच्या पलीकडे! ललितानं डावं बोट नदीवर रोवलं आणि भिंग अलीकडच्या काठावर आणलं. तिथं, कुणाचंही बोट कधी न लागलेल्या स्वच्छ कागदावर, बारीक अक्षरांत कौंडण्यपूर निवांत बसलं होतं.

ललिता पळतच कुंदाबाईंकडे गेली. कुंदाबाई भूगोल शिकवत, याच शाळेत शिकून इथंच बाई झालेल्या. कडक, पण मनानं वाईट नव्हत्या.

"बाई, कौंडण्यपूरचा डाग चुकला आहे! तो आर्वीवर आहे!"

शिक्षकांच्या खोलीत दोघी-तिघी शिक्षिका चहा पीत होत्या. कुंदाबाईंचा चेहरा कसा झाला ते ललिताला दिसलं नाही, पण कपबशी जरा जोरात टेकल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे आजवर सगळी शाळा चुकली आणि तू एकटी बरोबर?"

"मी वाचलं, बाई."

"त्या काचेत वेडंवाकडं दिसत असेल. आणि हे बघ, परीक्षेच्या दिवशी ती काच घेऊन येऊ नकोस. पुष्कळ वर्षांनी यंदा बाहेरून साहेब येणार आहेत. त्यांना वाटेल आम्ही मुलींना काहीतरी साधनं देऊन पास करतो."

वर्गात बातमी ललिताच्या आधीच पोचली होती. "काय गं नाकघाशे," शैला म्हणाली, "आमच्या रुक्मिणीचं माहेर बदलून टाकलंस म्हणे?"

"मी नाही बदललं. तुम्हीच तिला नदीपलीकडे नेऊन ठेवलं. बिचारी माहेरी जायचं तर पोहत जाईल!"

वर्ग हसला, आणि या वेळी शैलावर हसला. ललितानं आयुष्यात पहिल्यांदा वर्गात उलट उत्तर दिलं होतं. तिचे कान गरम झाले, पण काय मजा आली म्हणता!

घरी मात्र प्रश्न उरलाच. परीक्षेत कौंडण्यपूर आलं तर? डागावर बोट ठेवलं तर दहा गुण, पास, नववी. खऱ्या जागी ठेवलं आणि परीक्षकानं कुंदाबाईंसारखंच केलं तर शून्य, आणि शाळा बंद. आता डागाची जागा तिला चांगली ठाऊक होती. भिंगाशिवायही, वितीच्या अंदाजानं बोट गेलं असतं.

"डागावर ठेव आन मोकयी हो," सुंदराबाई म्हणाली. "पास झाल्यावर सांगजो खरं-खोटं."

शेषरावानं जेवून हात धुतला. मग म्हणाला, "बडनेऱ्याची पाटी टाकळीले लावली, तं गाडी कुठी थांबन?"

"टाकळीलेच थांबन," ललिता म्हणाली.

"मंग उतरनाऱ्यानं काय करावं?"

सुंदराबाई म्हणाली, "उतरनाऱ्याचं पाहू मंग, माह्यी पोरगी तं चढू दे!" आणि तिघंही हसले. पण निजेपर्यंत ललिताचं ठरलं होतं. जे लिहिलंय तिथंच बोट. आणि भिंग नेणार. बाई रागावल्या तर रागावल्या.

परीक्षेच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं अमरावतीहून परीक्षक हरिहरपंत आले. उंच, पांढऱ्या टोपीचे, जाड चष्म्याचे. त्यांच्या हातात पत्र्याची एक लांब नळी होती. वर्गात आल्याबरोबर त्यांनी भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि म्हणाले, "हा उतरवा. महाराष्ट्र होऊन वर्ष होत आलं, अजून जुनाच?"

नळीतून नवा कोरा नकाशा निघाला. चकचकीत, शाईचा वास येणारा. आणि एकही डाग नाही!

वर्गात असा सन्नाटा पसरला की बाहेर पाण्याच्या मडक्यावर पेला ठेवल्याचा आवाज आला. कुंदाबाईंनी पदर सावरला, पुन्हा सावरला.

"यवतमाळ," हरिहरपंत म्हणाले.

पहिली मुलगी उठली, सवयीनं हात वर नेला, आणि तो हवेतच राहिला. हा नकाशा मोठा होता, सगळं जरा इकडं, जरा तिकडं. ती नावं वाचायला लागली. वाचता तिला छान येत होतं, पण नकाशावर नाव शोधत जायचं असतं हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं! कशीबशी तिला यवतमाळ सापडलं. दुसरीनं बुलढाणा विचारल्यावर चांदा दाखवला. तिसरी रडायलाच लागली. एकेक मुलगी घामेजून, एकेक गाव कसंबसं दाखवून, काठावर पास होत खाली बसू लागली.

शैलाला पहिलं गाव अमरावती आलं. ते ठळक होतं, सापडलं. दुसरं आलं कौंडण्यपूर. शैला हुशार खरीच. तिनं नदी पाहिली, डागाची जागा आठवली आणि ठामपणे बोट ठेवलं.

"बोटाखाली काय लिहिलंय, वाच."

शैलानं बोट उचललं. "आ... आर्वी."

"मग?"

हरिहरपंतांनी वर्गाकडे पाहिलं. "कौंडण्यपूर कुणाला माहीत आहे?" चार हात वर झाले, चौघी आल्या, आणि चौघींची बोटं आर्वीभोवतीच घुटमळली. साहेबांच्या कपाळावर आठी पडली. "हे काय आहे? सगळा वर्ग रुक्मिणीला आर्वीत शोधतोय?"

हजेरीत दुसऱ्यांदा बसणाऱ्यांची नावं शेवटी असतात, म्हणून ललिता शेवटी उठली. दप्तरातून भिंग काढून पुढं गेली.

"ललिता! ते ठेव," कुंदाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"काय आहे ते?" हरिहरपंतांनी विचारलं.

"भिंग, साहेब," ललिता म्हणाली. आवाज खणखणीत निघाला, तिचं तिलाच नवल वाटण्याइतका. "मला याच्याशिवाय अक्षर दिसत नाही. हे गाव दाखवत नाही, साहेब, फक्त मोठं करतं. गाव मलाच शोधावं लागतं."

हरिहरपंतांनी भिंग हातात घेतलं, त्यातून आपल्या हाताच्या रेषा पाहिल्या आणि परत दिलं. "माझा चष्माही तेवढंच करतो. कौंडण्यपूर दाखव."

ललितानं भिंग नकाशाला लावलं. नुसता हिरवा रंग! जुन्या नकाशावर हातांना अकोल्याची जागा पाठ झाली होती. इथं त्या जागी भलतंच. ती डावीकडे गेली, हिरवं. खाली गेली, पिवळं. मागून कुणीतरी "नाकघाशी" म्हणून फिसकन हसलं.

एकदम मधात उडी मारनाऱ्या मानसानं... आबाचा आवाज!

ललिता दोन पावलं मागं आली. भिंग खाली घेतलं. दूर उभी राहून नुसता आकार पाहिला. वर डोंगरांचा काळपट पट्टा, आणि मधोमध आडवी, धूसर, तुकड्यातुकड्यांची रेघ. सापडला धुरा! ती पुढं गेली, रुळावर भिंग ठेवलं, थोडं डावीकडे चालली आणि अकोला आलं. डावं बोट तिथं रोवलं. खुंटी पक्की. आणि तिला भानच राहिलं नाही, ती मोठ्यानं म्हणायला लागली, जशी बापापाशी म्हणते तशी:

"अकोला! बोरगाव! काटेपूर्णा! मूर्तिजापूर!" बोट उचलून मूर्तिजापुरावर. "माना! कुरुम! टाकळी! बडनेरा!"

"अमरावतीचा फाटा?" हरिहरपंत हळूच म्हणाले.

"तो आपला नाही, साहेब, आपण सरळ जायचं!"

वर्ग हसला, पण आता ते हसू वेगळं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी फुंकल्यासारखा आवाज काढला. "टिमटाळा! मालखेड! चांदूर! धामणगाव!" दोघी-तिघी तिच्याबरोबर म्हणायला लागल्या. "पुलगाव! हा पूल. ही वर्धा नदी. आता उतरायचं आणि काठाकाठानं वर जायचं. अलीकडच्या काठानं." भिंग सावकाश चढत गेलं. "हे पलीकडे आर्वी. आणि हे... हे..."

भिंग थांबलं. डावं बोट पुलावरून उठलं आणि भिंगाखाली येऊन टेकलं.

"कौंडण्यपूर, साहेब. जिथं होतं तिथंच आहे."

हरिहरपंत वाकले, चष्मा नाकावर चढवला, पाहिलं. "दहापैकी दहा!"

पास! ललिताला नकाशा, साहेब, वर्ग काहीच दिसेना. या वेळी डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून. पण साहेब थांबले नव्हते. "दुसरं गाव तेल्हारा. आता तुझी रेल्वे नाही हं तिथं."

ललिता हसलीच. तेल्हारा म्हणजे पुंजाजी आबाचं गाव! काटे काढता काढता त्यानं हजारदा तिथली वाट सांगितली होती. अकोल्याहून वर अकोट, अकोटाहून मावळतीकडे वळायचं, उजव्या हाताला सातपुडा ठेवायचा. बोट अकोल्यावर, भिंग वर. बोट अकोटावर, भिंग डावीकडे. तेल्हारा.

वीसपैकी वीस! वर्गात त्या दिवशी वीस दुसऱ्या कुणालाच नव्हते.

"पण मला एक कळत नाही," हरिहरपंत कुंदाबाईंकडे वळून म्हणाले, "बाकी सगळा वर्ग आर्वीवर कसा गेला? एक मुलगी चुकते, दोन चुकतात. सगळ्या एकाच ठिकाणी?"

कुंदाबाई उभ्या होत्या. त्यांनी एकदा गुंडाळलेल्या जुन्या नकाशाकडे पाहिलं, एकदा ललिताकडे. आणि त्यांना हसू फुटलं. आधी पदराआड, मग उघडच.

"साहेब, माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "हा जुना नकाशा नवा होता तेव्हा मी याच वर्गात होते, सोळा वर्षांपूर्वी. परीक्षेत मला कौंडण्यपूर आलं. मला ठाऊक नव्हतं. चिंच खात होते, ते बोट दिलं ठोकून! आणि परीक्षक म्हणाले, शाब्बास. मला वाटलं, बरोबरच असेल. मागच्या मुलींनी माझा डाग पाहिला आणि..."

"आणि परीक्षकांना दिसलं नाही?"

"ते चष्मा अमरावतीला विसरून आले होते, साहेब. तसं म्हणतही होते."

हरिहरपंतांचा हात चष्म्याकडे गेला. त्यांनी तो काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. "सोळा वर्षांपूर्वी," ते म्हणाले. "पंचेचाळीस साली. अकोला." आणि मग ते एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. "कुंदाबाई, तो विसरभोळा परीक्षक मीच! सोळा वर्षं आपण दोघांनी त्या रुक्मिणीला परक्या गावात ठेवलं! त्या दिवशी मलाही कुणी असं भिंग दिलं असतं तर!"

वर्ग नुसता फुटला. शैला तर बाकावर डोकं टेकून हसत होती. हसता हसताच ती उठली, ललिताजवळ आली आणि म्हणाली, "ए, मला दाखव ना गं. त्यातून कसं दिसतं?"

"आधी मी," कुंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

संध्याकाळी कडुनिंबाखाली काटेवाल्यांची रांग लागली होती. ललिता धावत आली, पाठोपाठ सुंदराबाई, जिनातून तशीच, केसांत कापूस घेऊन. निकाल सांगून झाला, सुंदराबाईची लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडून झाली, तरी पुंजाजी आबा आपला एका पोराच्या टाचेत सुई घालून शांत बसलेला.

"आबा, तुमचं तेल्हारा सापडलं मले!"

"हारपलं कवा होतं?" आबा म्हणाला. मग सुई खाली ठेवली. "कोरा नकाशा होता म्हनते?"

"हाव. एक डाग नाई."

"मंग आता तुह्या बोटाचा पडला असन."

ललितानं आपलं डावं बोट पाहिलं, भिंगाखाली धरून. टोकाला काळी शाई होती खरी. दप्तरातून भिंग काढताना दौत सांडली होती आणि तिला पत्ताच नव्हता. म्हणजे अकोला, पुलगाव, कौंडण्यपूर, तेल्हारा... साहेबांच्या कोऱ्या करकरीत नकाशावर! आणि तो नळीत घालून साहेब अमरावतीला परतही गेले होते.

"बापा!" ती म्हणाली आणि हसत सुटली. "आता अमरावतीच्या पोट्ट्या पास!"

"होऊ दे," आबा म्हणाला. "डाग खऱ्या जागी हाय ना? मंग काय बिघडते. आता भिंग आन इकडे, ह्याचा काटा लय खोल गेला."